माउस पिशवीत ठेवा: अंध व अल्पदृष्टी मुलांसाठी सहकुटुंब कोडिंग कार्यशाळा कशी घ्यायची

मुंबईत अशा कार्यशाळा आता बऱ्याच जागी होतात आणि त्यातल्या पुष्कळशा एकाच पद्धतीने फसतात. लॅपटॉप मांडलेले असतात, पडद्यावर रंगीत ठोकळे असतात. आई-बाबा किंवा दादा माउस हलवत असतात आणि ज्याच्यासाठी हे सगळं मांडलं तो मुलगा शेजारी बसून "आता काय झालं?" असं विचारत असतो. शेवटी प्रमाणपत्र त्याच्या हातात पडतं, पण कीबोर्डला त्याचा हात लागलेला नसतो.

दोष साधनांचा कमी आणि क्रमाचा जास्त असतो. आधी हात, मग कान, मग कीबोर्ड, शेवटी कोड. हा क्रम मोडला की डोळस माणूस नकळत सूत्रं हाती घेतो. खाली दिलेली आखणी चार-पाच कुटुंबं, साधारण आठ ते चौदा वयाची मुलं आणि तीन तासांचा वेळ धरून केली आहे. एका खोलीत यापेक्षा जास्त कुटुंबं घेऊ नका. सगळे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारे प्रोग्रॅम, एकदम बोलायला लागले की कुणालाच काही ऐकू येत नाही.

## टप्पा १: दोन आठवडे आधी निमंत्रण आणि फोन

पहिली चूक निमंत्रणातच होते. सुंदर पोस्टर तयार होतं आणि व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून फिरतं. त्या चित्रातलं एक अक्षरही फोनवरच्या टॉकबॅकला (अँड्रॉइडच्या स्क्रीन रीडरला) धड वाचता येत नाही. मुलाचे आई किंवा वडील स्वतः अंध असू शकतात, हे आयोजकांच्या ध्यानातच येत नाही. म्हणून निमंत्रण साध्या मजकुरात लिहा आणि तेच व्हॉइस नोट म्हणूनही पाठवा. पोस्टर हवंच असेल तर त्याखाली पूर्ण मजकूर टाका.

नोंदणी झाली की प्रत्येक घरी फोन करा. फॉर्मवर भागत नाही. विचारायचं ते एवढंच:

- मूल ब्रेल वाचतं का, मोठा टाइप वाचतं का, की सगळं ऐकूनच करतं?
- उजेडाचा त्रास होतो का? कुठल्या बाजूने जास्त दिसतं?
- फोनवर टॉकबॅक वापरतं का? कीबोर्ड कधी हाताळला आहे का?
- इंग्रजी अक्षरं येतात का?
- ऐकण्याची किंवा हाताची काही अडचण आहे का?
- सोबत कोण कोण येणार? भावंडं किती वर्षांची?

आजार कधी झाला, ऑपरेशन किती झाली, हे विचारू नका. तुम्हाला त्याचा उपयोग नाही आणि त्या आईने ती कहाणी आजवर पुरेशा लोकांना सांगून झालेली असते.

इंग्रजी अक्षरांचा प्रश्न साधा वाटतो, पण मराठी माध्यमातल्या मुलाच्या बाबतीत तोच कळीचा आहे. मूल मराठी ब्रेल सरसर वाचत असेल आणि कीबोर्डवर 'पी' कुठे आहे हे माहीत नसेल, तर तुमचा कोडिंगचा पाऊण तास 'पी' शोधण्यात जाईल. अशा मुलांसाठी आदल्या आठवड्यात कीबोर्ड ओळखीची वेगळी बैठक ठेवा.

मुलांपर्यंत पोचायचं कसं, हे कळत नसेल तर शाळांतल्या विशेष शिक्षकांशी बोला. वरळीचं नॅब (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) आणि धोबी तलावला सेंट झेवियर्स कॉलेजमधलं झेवियर्स रिसोर्स सेंटर फॉर द व्हिज्युअली चॅलेंज्ड इथेही जाऊन या. तारीख ठरवण्याआधी जा. तारीख ठरवून 'मुलं पाठवा' म्हणून फोन करणारे त्यांना रोज भेटतात.

तारखेची तपासणी. रविवार सोयीचा वाटतो, पण रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, दुरुस्तीसाठी काही मार्गांवर गाड्या बंद असतात. ब्लॉक कुठल्या मार्गावर आहे हे एक-दोन दिवस आधीच कळतं, म्हणून शनिवारी संध्याकाळी प्रत्येक कुटुंबाला त्यांच्या मार्गाची स्थिती कळवा. दादरसारखं मध्य आणि पश्चिम दोन्हीकडून येता येणारं ठिकाण निवडलं की अर्धी चिंता मिटते. गणपती-नवरात्रीचे दिवस टाळा. प्रश्न सुट्टीचा नाही, लाउडस्पीकरचा आहे. भर पावसाळ्यात पत्र्याचं छत असलेली खोली फुकट मिळाली तरी घेऊ नका.

पत्ता सांगताना गुगल मॅपची लिंक पुरत नाही. चालण्याची वाट शब्दांत लिहा: कुठला पूल, पूर्व की पश्चिम, पायऱ्या किती, लिफ्ट कुठे, बाहेर पडल्यावर डावीकडे की उजवीकडे, वाटेत ऐकू येणारी खूण कोणती. स्टेशनवर एक स्वयंसेवक उभा करा आणि त्याचा नंबर आदल्या रात्री सगळ्यांना द्या. फलाटावर दिव्यांग डब्याच्या जागी बीप वाजत असतो. भेटायची जागा म्हणून त्याचाच उल्लेख केलात तर मुलांना चटकन कळतं.

## टप्पा २: लॅपटॉपची तयारी, आदल्या दिवशी

यात कंटाळा केलात तर दुसऱ्या दिवशी पहिला तास 'आवाज येत नाही'मध्ये जातो.

स्क्रीन रीडर म्हणून एनव्हीडीए घ्या. विंडोजवर चालतो, फुकट आहे, आणि मुलाने घरी जाऊन तोच वापरायचा आहे. एका लॅपटॉपवर सगळ्या सेटिंग नीट करा, मग टूल्स मेनूमधून पोर्टेबल कॉपी (इन्स्टॉल न करता चालणारी) बनवून पेनड्राइव्हवर घ्या. तीच बाकीच्या लॅपटॉपवर चालवा. पाच मशीनवर पाच वेगवेगळ्या सेटिंग, हा गोंधळ त्यातून टळतो.

बदलायच्या सेटिंग:

1. कॅप्स लॉकला एनव्हीडीए की करा, म्हणजे दुसऱ्या कीबरोबर दाबून एनव्हीडीएला आज्ञा द्यायची की. लॅपटॉपवर इन्सर्ट की प्रत्येक कंपनी वेगळ्या जागी ठेवते.
2. विरामचिन्हांचं वाचन 'ऑल'वर न्या. एनव्हीडीए की आणि पी दाबत राहिलं की पातळी बदलते. हे केलं नाही तर अवतरणचिन्ह आणि कंस वाचलेच जात नाहीत. ते राहून गेले तरी मुलाला पत्ता लागत नाही.
3. डॉक्युमेंट फॉरमॅटिंगमध्ये ओळीच्या इंडेंटेशनची सूचना 'टोन'वर ठेवा. आपण कोड ज्या भाषेत लिहिणार आहोत त्या पायथनमध्ये ओळ किती आत आहे याला अर्थ असतो. डोळस माणसाला ते दिसतं, इथे ते सुरावर कळतं. ओळ जेवढी आत, तेवढा सूर वर.
4. टाइप केलेली अक्षरं बोलण्याची सोय चालू आहे ना, ते पाहा. एनव्हीडीए की आणि २.
5. माउस ट्रॅकिंग बंद करा. एनव्हीडीए की आणि एम. टचपॅडही बंद करा. तळहाताचा चुकून स्पर्श झाला की कर्सर भलतीकडे जातो आणि एनव्हीडीए भलतंच बोलू लागतो. मुलाला वाटतं आपलं चुकलं.
6. बोलण्याचा वेग मुलानुसार ठेवा. रोज वापरणाऱ्या मुलाला तुमचा 'हळू, स्पष्ट' वेग रटाळ वाटतो.

पायथन टाकताना 'ॲड टू पाथ' या चौकटीवर खूण करायला विसरू नका. लिहिण्यासाठी साधं नोटपॅड घ्या आणि चालवण्यासाठी कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची विंडोजची खिडकी. पायथनसोबत येणारं आयडल वापरू नका, त्याच्या खिडकीत स्क्रीन रीडर जवळजवळ मुका होतो. नवं नोटपॅड मागच्या वेळची फाइल आपोआप उघडतं. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा, नाहीतर दुपारच्या मुलाला सकाळच्या मुलाचं गाणं ऐकू येईल. स्पेलिंग सुधारण्याची सोयही बंद करा.

शक्य असेल तर प्रत्येक लॅपटॉपला पूर्ण आकाराचा यूएसबी कीबोर्ड जोडा. एफ आणि जे या दोन कीवर उंचवटा असतोच. कॅप्स लॉक, एंटर आणि टॅबवर खड्याची टिकली चिकटवा. बाजारात यासाठी खास ठिपके मिळतात, पण टिकलीचं पाकीट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं, बोटाला पक्कं लागतं आणि कार्यशाळा संपली की निघतंही. तीन कीवर तीन वेगळ्या आकाराच्या टिकल्या लावा. सगळ्या सारख्या लावल्या तर उपयोग निम्मा होतो.

हेडफोन तारेचेच हवेत. ब्लूटूथवर छोट्या बीपची सुरुवात गिळली जाते, आणि आपला सगळा खेळ बीपवर आहे. प्रत्येक टेबलावर एक स्प्लिटर ठेवा, म्हणजे मूल आणि पालक एकच आवाज ऐकतील. हेडफोन एकाच कानावर घ्यायचा, दुसरा कान खोलीसाठी मोकळा.

अल्पदृष्टी मुलाची पाठ खिडकीकडे नको आणि तोंडही नको. खिडकी बाजूला यावी. पडदा मोठा करून दाखवणारा मॅग्निफायर विंडोज आणि प्लस कीने चालू होतो, त्यात कंट्रोल, ऑल्ट आणि आय दाबलं की रंग उलटे होतात. त्याच्यासाठीही एनव्हीडीए चालू ठेवा. अर्ध्या तासाने डोळे दमतात आणि तेव्हा आवाज कामी येतो.

निघण्याआधी तपासा: प्रत्येक लॅपटॉपची स्क्रीन पूर्ण काळी करा आणि नुसतं ऐकून नोटपॅड उघडणं, एक ओळ लिहिणं, सेव्ह करणं, चालवणं एवढं स्वतः करून पाहा. जिथे अडकाल तिथे उद्या मूल अडकणार आहे.

आणि हो, माउस. ते सगळे गोळा करून पिशवीत ठेवा. टेबलावर माउस दिसला की कुणाचा ना कुणाचा हात जातोच.

## टप्पा ३: खोलीची ओळख, पंधरा मिनिटं

मुलं आल्यावर भाषण नको. एकेका मुलाला खोली फिरवून दाखवा: दार, आपलं टेबल, पाण्याची जागा, स्वच्छतागृह. मुलाचा हात धरून ओढायचं नाही. आपलं कोपर पुढे करायचं, ते धरतं आणि अर्धं पाऊल मागे चालतं. जवळ जाताना आणि दूर जाताना नाव घेऊन सांगा. नाहीतर मूल रिकाम्या खुर्चीशी बोलत राहतं.

तारा जमिनीला टेपने चिकटवा. ओळख झाल्यावर एकही खुर्ची जागची हलवू नका.

स्वयंसेवकांसाठी एकच नियम सांगा: 'इथे', 'तिकडे', 'हे असं' हे शब्द बंद. 'डाव्या हाताच्या करंगळीखाली', 'तिसऱ्या ओळीच्या शेवटी' असं बोलायचं. 'बघ' म्हणायला मात्र काहीच हरकत नाही. मुलं स्वतः दिवसभर 'बघ ना ताई' म्हणत असतात.

पालकांच्या डोळ्यांवर पट्टी बांधण्याचा प्रयोग अनेक ठिकाणी हौसेने करतात. माझ्या मते तो टाळावा. पाच मिनिटं पट्टी बांधलेल्या माणसाला कळते ती फक्त भीती. आपल्या मुलाने वर्षानुवर्षं कमावलेलं कसब त्याला कळत नाही. पालक घरी दया घेऊन जातात. ती त्यांच्याकडे आधीच भरपूर असते.

## टप्पा ४: ताटातला कोड, पाऊण तास

आयोजकांना हा टप्पा नेहमी उरकायचा असतो. इथे घाई केलीत तर पुढचं सगळं पाठांतर होतं.

प्रत्येक कुटुंबाला द्यायचं सामान: काठ असलेलं मोठं स्टीलचं ताट, त्यात तळाला जाडसर फडकं. दहा मोठी बटणं, दहा आइस्क्रीमच्या काड्या, सुतळीच्या दहा गाठी, तीन-चार काचेच्या नव्हे तर प्लॅस्टिकच्या बांगड्या आणि थोडे मणी. काठामुळे वस्तू खाली पडत नाहीत, फडक्यामुळे घरंगळत नाहीत.

पहिली फेरी: क्रम. बटण म्हणजे टाळी. काडी म्हणजे चुटकी. गाठ म्हणजे टेबलावर थाप. मूल डावीकडून उजवीकडे पाच वस्तू मांडतं आणि घरातले इतर ताटात हात फिरवून तसंच वाजवतात. पहिला मांडणारा मूलच असायला हवं. आईने मांडायचं आणि मुलाने वाजवायचं, अशी सुरुवात झाली की मूल आज्ञा पाळणारा होतो, कोड लिहिणारा होत नाही.

दुसरी फेरी: लूप. दोन-तीन वस्तूंभोवती बांगडी ठेवायची. बांगडीच्या बाहेर, वरच्या बाजूला जितके मणी, तितक्या वेळा आतलं सगळं करायचं. बांगडीत टाळी-चुटकी आणि वर तीन मणी, तर टाळी-चुटकी, टाळी-चुटकी, टाळी-चुटकी. इथे जवळजवळ प्रत्येक कुटुंबात कुणीतरी टाळी-टाळी-टाळी, चुटकी-चुटकी-चुटकी असं वाजवतं. लगेच दुरुस्त करू नका. "तुझ्या ताटात काय लिहिलंय आणि बाबांनी काय वाजवलं?" असं मुलाला विचारा. बोट बांगडीच्या आतून फिरवून मूल स्वतः दाखवतं. बांगडीत बांगडी ठेवली तर काय होईल, हा प्रश्न बहुधा भावंडांकडूनच येतो. आला तर वेळ काढा.

तिसरी फेरी: अट. इथे मुंबई कामाला येते. एक जण गाडी होतो, एक जण मोटरमन. ताटात बटणं म्हणजे स्टेशनं: दादर, माटुंगा, शीव, कुर्ला. मोटरमन निघण्याआधी 'धीमी' की 'जलद' ते ओरडून सांगतो. धीमी असेल तर प्रत्येक बटणावर थांबून "पुढील स्टेशन…" अशी घोषणा. जलद असेल तर माटुंगा आणि शीव सोडून थेट कुर्ला. मुलं ही घोषणा रेकॉर्डिंगच्या हुबेहूब आवाजात करतात आणि तीन भाषांत करतात, त्यामुळे वेळ थोडा जास्त धरा.

चौथी फेरी: चूक शोधणं. सगळे हात मागे घेतात. स्वयंसेवक एका ताटातली एकच वस्तू गुपचूप बदलतो. मूल हाताने वाचून सांगतं, कितवी वस्तू बदलली. 'काहीतरी चुकलंय' एवढं उत्तर घेऊ नका, 'डावीकडून चौथी' असं हवं. पुढे पायथन ओळीचा नंबर सांगणार आहे, त्याची ही तयारी.

पुढे जाण्याआधी तपासा: मूल न सांगता बांगडी वापरतं का? नसेल तर कीबोर्डकडे जाऊ नका, दुसरी फेरी पुन्हा घ्या.

## टप्पा ५: खाऊ

वडापाव ठेवलात तर हात पुसायला ओले टिश्यू टेबलावर ठेवा आणि पुसल्याशिवाय कीबोर्ड देऊ नका. प्लेट देताना चटणी कुठे आहे ते सांगा. वीस मिनिटं पुरतात. लॅपटॉपचा आवाज या वेळात एकदा पुन्हा तपासा.

## टप्पा ६: कीबोर्ड, अर्धा तास

एनव्हीडीए की आणि १ दाबली की इनपुट हेल्प चालू होतं. या अवस्थेत कुठलीही की दाबा, तिचं नाव ऐकू येतं, बाकी काहीच होत नाही. पहिली दहा मिनिटं मुलाला हवं ते दाबू द्या. काही बिघडणार नाही, हे त्याला हाताने कळलं पाहिजे. तीच दोन बटणं पुन्हा दाबून बाहेर यायचं. हे विसरलं की 'आता काही टाइपच होत नाही' अशी हाक येते.

मग एवढ्याच गोष्टी: एफ-जे वर बोटं, कंट्रोल दाबून बोलणं थांबवणं, वर-खाली बाणांनी ओळ ऐकणं, ऑल्ट-टॅबने नोटपॅड आणि कमांड प्रॉम्प्ट यांच्यात ये-जा.

आता स्क्रीन झाका. एनव्हीडीएच्या सेटिंगमध्ये स्क्रीन कर्टन आहे. ते लावलं की पडदा पूर्ण काळा होतो आणि काम चालू राहतं. अल्पदृष्टी मुलाच्या टेबलावर मात्र ते लावू नका, त्याचं उरलेलं दिसणं त्याच्या कामाचं आहे. इतर टेबलांवर कर्टन लागलं की डोळस दादा आणि अंध बहीण एका पातळीवर येतात. दादालाही ऐकावंच लागतं, आणि ऐकण्यात बहीण त्याच्या पुढे असते. घरातलं कुणी कानाने कमी ऐकत असेल तर त्या टेबलावर कर्टनऐवजी टूल्समधला स्पीच व्ह्यूअर लावा. एनव्हीडीए बोलतो ते सगळं तिथे अक्षरांत उमटतं.

कामं वाटून द्या. मूल टाइप करणार. आई किंवा बाबा दुसऱ्या हेडफोनवर ऐकून कागदावर किंवा डोक्यात हिशेब ठेवणार. भावंड पुढची ओळ सांगणार. दुसऱ्याच्या कीबोर्डला हात लावायचा तर "मी हात लावू का?" असं विचारायचं, आणि नाही म्हटलं तर लावायचा नाही. हा नियम पालकांना वरवर गमतीचा वाटतो. पाचव्या मिनिटाला त्यांना तो जड जातो.

## टप्पा ७: पहिला कोड, पाऊण तास

ठोकळे ओढण्याचे प्रोग्रॅम इथे नकोत. ते माउस आणि डोळे गृहीत धरतात. परदेशात हाताने जोडायच्या डब्यांचं कोड जम्पर नावाचं चांगलं साधन आहे, अमेरिकन प्रिंटिंग हाउस फॉर द ब्लाइंड ते विकतं. मिळालं तर जरूर वापरा, पण त्यासाठी कार्यशाळा अडवून ठेवू नका. ताट आणि बांगड्यांनी तेच काम झालेलं आहे.

पहिल्या प्रोग्रॅमचं उत्तर कानाला ऐकू आलं पाहिजे. विंडोजवरच्या पायथनमध्ये विनसाउंड नावाचं मॉड्यूल (तयार कोडचा संच) असतं, त्याला सूर आणि वेळ सांगितली की बीप वाजतो. ओळी तोंडी अशा सांगा:

पहिली ओळ: इम्पोर्ट, स्पेस, विनसाउंड.
दुसरी ओळ: विनसाउंड, डॉट, बीप, त्यातला बी कॅपिटल, कंस उघडा, २६२, स्वल्पविराम, ५००, कंस बंद.

२६२ हा सूर, ५०० म्हणजे अर्धा सेकंद. सेव्ह करताना फाइलचं नाव अवतरणचिन्हांत टाका, शेवटी डॉट पी वाय. अवतरणचिन्हं राहिली की नोटपॅड मागे टीएक्सटी चिकटवतं आणि मग पायथनला फाइल सापडत नाही. सेव्ह कुठल्या फोल्डरमध्ये होतंय ते आधीच ठरवून ठेवा आणि कमांड प्रॉम्प्ट त्याच फोल्डरमध्ये उघडून द्या. मग प्रॉम्प्टवर पी वाय, स्पेस, फाइलचं नाव, एंटर.

एंटर दाबताच एनव्हीडीए काहीतरी वाचू लागतो आणि बीप त्याखाली दबतो. म्हणून टाइम मॉड्यूल इम्पोर्ट करून बीपच्या आधी एक सेकंदाचं स्लीप, म्हणजे थांबा, टाका. दुसऱ्या वेळेस हे मुलालाच सुचवू द्या: "बीप नीट ऐकू आला नाही, काय करूया?"

पुढे सप्तक. सा २६२, रे २९४, ग ३३०, म ३४९, प ३९२, ध ४४०, नी ४९४, वरचा सा ५२३. हे आकडे ब्रेलमध्ये आणि मोठ्या टाइपात छापून टेबलावर ठेवा. गाणं शिकलेली एखादी आजी असेल तर "गंधार चढा लागतोय" म्हणेल. तिचं बरोबर आहे, हे पेटीचे सूर आहेत, तंबोऱ्याचे नव्हेत. आकडा कितीने कमी करायचा ते तिलाच विचारा आणि बदलून पुन्हा वाजवा. कुटुंबासाठी कोडिंग म्हणजे काय, हे सांगायला याहून सोपी जागा मला मिळालेली नाही.

मग लूप. फॉर, एन, इन, रेंज, कंसात ३, शेवटी कोलन. एंटर. पुढच्या ओळीआधी एकदा टॅब. इथे "बांगडी कुठे आहे?" असं विचारा. कोलनपासून बांगडी सुरू, टॅब असेपर्यंत आपण आत. टॅब लावलेल्या ओळीवर बाण नेला की एनव्हीडीएचा सूर वर जातो, मूल तो ऐकून ओळ आत आहे की बाहेर ते सांगतं.

वेळ उरलाच तर लोकलचा प्रोग्रॅम: उत्तर 'जलद' असेल तर एक यादी, नाहीतर दुसरी, आणि प्रत्येक स्टेशनला एक बीप. स्टेशनांची नावं पहिल्या दिवशी रोमन अक्षरांतच टाइप करा. मराठी टायपिंग आणि कोडिंग एकाच दिवशी शिकवायला गेलात तर दोन्ही राहतात. मराठीत बोलणारा प्रोग्रॅम हवा असेल तर ई-स्पीक या मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मराठी आवाज आहे, मराठी मजकुराची फाइल तुम्ही तयार करून द्या आणि मुलाला ती वापरू द्या.

नेहमी अडणाऱ्या जागा:

- बीपमधला बी लहान राहिला. एनव्हीडीए मोठं अक्षर वरच्या पट्टीत बोलतो, अक्षर-अक्षर बाण नेऊन ऐका.
- बंद कंस किंवा कोलन राहिला. विरामचिन्हांची पातळी कुणीतरी खाली आणलेली असते, ती तपासा.
- एका ओळीला टॅब, दुसरीला स्पेस. दिसायला सारखं, पायथनला चालत नाही. सगळीकडे टॅबच.
- लूपच्या प्रत्येक फेरीत दोन बीप हवे होते, एकच वाजला. दुसरी ओळ बांगडीबाहेर राहिली आहे.
- तुलना करताना एकच इक्वल दिला. तिथे दोन लागतात.

चूक आली की पायथन ओळीचा नंबर सांगतो. नोटपॅडमध्ये कंट्रोल-जी दाबून तो नंबर दिला की थेट त्या ओळीवर जाता येतं. चूक खरी कधी एक ओळ वर असते, तेही सांगून ठेवा. स्वयंसेवकाने स्वतः दुरुस्त करायचं नाही. ओळ मोठ्याने वाचायला सांगायची आणि गप्प बसायचं. शांतता अर्धा मिनिट टिकली तरी चालेल. पालकांना ती सोसत नाही, ते पुढे सरसावतात. तेव्हा त्यांना एखादं काम सांगून उठवा.

## टप्पा ८: सादरीकरण आणि घरी न्यायची वस्तू

शेवटी प्रत्येक मूल आपला प्रोग्रॅम स्पीकरवर वाजवतं आणि एक ओळ बदलून पुन्हा वाजवतं. बदलता आलं म्हणजे समजलं. नुसतं वाजवलं तर ते स्वयंसेवकाचंही असू शकतं. फोटो काढायचे तर आधी मुलाला आणि पालकांना विचारा, आणि फोटोत काय आलं ते मुलाला वर्णन करून सांगा.

पेनड्राइव्हवर तीन गोष्टी द्या: एनव्हीडीएची तयार पोर्टेबल कॉपी, मुलाने लिहिलेली फाइल आणि पुढच्या चार कोड्यांची साध्या मजकुरातली फाइल. पीडीएफ नको. घरी फक्त मोबाइल असलेली कुटुंबं बरीच असतात. त्यांना ताटाचं सामान पिशवीतून द्या आणि जवळपास स्क्रीन रीडर असलेला संगणक कुठल्या शाळेत किंवा केंद्रात वापरता येईल ते आधीच विचारून ठेवून सांगा. ज्याला इंडेंटेशनचा कंटाळा आला त्याच्यासाठी क्वोरम ही भाषा सुचवा. ती स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांचा विचार करून बनवली आहे आणि तिथे लूप टॅबने नव्हे, 'एंड' या शब्दाने संपतो.

आठवड्याने फोन करा, आणि या वेळी आईशी नाही, मुलाशी बोला. "पेनड्राइव्ह लावलास का?" असं विचारू नका, उत्तर 'हो' येतं. "शेवटचा प्रोग्रॅम फोनवर ऐकव" असं सांगा. लावला नसेल तर कारण बहुधा एवढंच निघतं की घरचा संगणक दादाच्या खोलीत आहे आणि त्याला माउस जोडलेला आहे. मग दादाला फोनवर बोलवा.